हळद लागेपर्यंत

जितेंद्रने फोन कानावरून काढला तेव्हा त्याच्या हाती अर्धीच बातमी लागली होती. उद्या दुपारी जळगावहून नूतन मॅडम पहूरला येणार आणि त्यांच्यासोबत हॉलंडची एक बाई असणार, इतकंच त्याला कळलं. कशाला, ते मॅडमनी सांगितलं नाही आणि यानेही विचारलं नाही. विचारायचं सुचलं असतं तर तो जितेंद्र कसला! शेतातून परतताना त्याने काकूच्या दारात मोटारसायकल थांबवली आणि खाली न उतरताच सांगून टाकलं.

"काकू, त्या मिल्ट्रीवाल्याची आई येऊ राहिली उद्या. हॉलंडवरून."

बेबाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"एकटीच?"

"मॅडम हाये सोबत. तो नही वाटते."

जितेंद्र गेला आणि बेबाबाई ताटाकडे बघत बसून राहिली. मुलाची आई, मुलाला घरी ठेवून, एवढ्या लांबून, ऐन लग्नसराईत दुसऱ्याच्या दारात कशाला येते? चैत्राचे दिवस होते. रस्त्यावर रोज एखादी तरी वरात अडकलेली असायची. पत्रिका द्यायलाच येत असणार की! तिला दुसरं काही सुचलंच नाही. सुचावं तरी का? चार महिन्यांपूर्वी तिनेच त्याला सांगून पाठवलं होतं, लग्न कर आणि मग ये.

ती उठली, पदर खोचला आणि कोपऱ्यावरच्या सुलक्षणाच्या दुकानात गेली. नारळ घेतला, खण घेतला, साखर घेतली, हळदीची पुडी घेतली.

"कोनाच्या घरी लगीन हाये व अक्का?" सुलक्षणाने विचारलं.

"हाये एकाच्या."

"एकाच्या म्हंजे?"

"म्हंजे एकाच्या."

सुलक्षणा गालात हसली आणि तिने आणखी खोदून विचारलं नाही. बेबाअक्का कोणाबद्दल असं आडून बोलते, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

हे आडून बोलणं काय होतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं वेड्यासारखं वाटेल.

बेबाबाईला लागोपाठ तीन मुलं झाली आणि तिन्ही गेली. पहिली मुलगी अकरा दिवसांची होऊन गेली. दुसरा मुलगा पाच महिन्यांचा, नुकता पालथा पडायला लागला होता. तिसऱ्याने सव्वा महिनाही पुरा केला नाही. तिसऱ्याच्या वेळी सासू चुलीपुढे बसून म्हणाली, "तू लई माहं माहं करते. त्याले ऐकू जातं." त्याले म्हणजे कोणाला, हे त्या घरात कोणी तोंडाने उच्चारत नसे. सासू काही वाईट बाई नव्हती, तिची स्वतःची दोन गेलेली होती. पण ते बोलणं बेबाबाईच्या काळजात रुतून बसलं ते कायमचं.

चौथ्या वेळी काय करायचं ते दिवस भरण्याआधीच ठरलं. मुलगा झाला, आणि द्रौपदाबाई सुईणीने त्याला सुपात घालून घरामागच्या उकिरड्यावर नेऊन ठेवलं. पाठ फिरवून ती सात पावलं चालून गेली. मग परक्या बाईसारखी परत आली आणि मोठ्याने तीनदा विचारलं, "कोनाचं व हे पोरगं?" सगळं घर आत श्वास रोखून बसलेलं. कोणी ओ दिली नाही. तेव्हा तिने सूप उचललं, पुढच्या दाराने आली आणि पायलीभर ज्वारी घेऊन ते पोर बेबाबाईला विकलं. झालं. ज्याचा डोळा या घरातल्या लेकरांवर होता त्याला चकवलं. हे पोर या घरचं नाही, कोणीतरी टाकलेलं आहे, विकत आणलेलं आहे. नाव ठेवलं उखर्डू, म्हणजे उकिरड्यावरचा. पहूरमध्ये त्या नावाचे आणखी दोघं होते. आणि समोरच्या घरातले चिंधा आबा तर पाच भावंडं गेल्यावर झालेले, चिंधीच्या मोलाने विकत घेतलेले, आणि ऐंशी ओलांडून अजून ओट्यावर तंबाखू मळत बसलेले. उपाय खरा असल्याचा याहून मोठा पुरावा कोणाला हवा होता?

पथ्य एकच होतं. मुलाला लग्नाची हळद लागेपर्यंत आईने त्याला माझा म्हणायचं नाही. कोणी विचारलं तर सांगायचं, माझा नाही, उकिरड्यावरचा आहे. एकदा हळद लागली की धोका टळला, मग खुशाल छातीशी धरून माझा म्हणावं. बेबाबाईने हे पथ्य इतकं कडक पाळलं की पोराला झोपवतानासुद्धा ती त्याला "कोनाचा रे तू, कोनाचा?" असंच म्हणायची आणि पोरगं खुदूखुदू हसायचं. त्याला वाटायचं, आई खेळते आहे.

तो सव्वा वर्षाचा झाला, चालायला लागला, आणि बेबाबाईला क्षय निघाला. धुळ्याच्या दवाखान्यात खाट मिळाली. डॉक्टर म्हणाले, मूल जवळ नको. सासू तोवर वारली होती, घरी सांभाळणारं कोणी नव्हतं. धुळ्यात तेव्हा लहान मुलं ठेवून घेणारी एक संस्था होती. बेबाबाईचा नवरा गिरधर मुलाला खांद्यावर घेऊन तिकडे निघाला तेव्हा तिने खाटेवरून त्याला बजावलं, "कोनी इचारलं तं आपला म्हनू नका बरं." गिरधरने मान हलवली. सरळ माणूस तो. बायको मरणाच्या दारात असताना तिचा शब्द कसा मोडणार? संस्थेतल्या बाबूने विचारलं, मूल कोणाचं? गिरधर म्हणाला, "आमचं नही. उकिरड्यावरचं हाये." बाबू बाहेरगावचा होता. त्याने ऐकलं तसं लिहून घेतलं: उकिरड्यावर टाकलेलं मूल, आणून देणार गिरधर, राहणार पहूर. खाली गिरधरची सही घेतली. चौथी शिकलेल्या गिरधरने वर काय लिहिलंय ते वाचून पाहिलं नाही.

आठ महिन्यांनी बेबाबाई उठून बसली, हिंडूफिरू लागली आणि दोघं मुलाला आणायला गेली. मूल तिथे नव्हतं. टाकलेल्या मुलाला आईबाप नसतात, त्यामुळे कोणाला विचारायचा प्रश्नच आला नव्हता. हॉलंडचं एक जोडपं त्याला विमानातून घेऊन गेलं होतं. गिरधर ओरडला, रडला, तो आमचा आहे म्हणाला. बाबूने त्याला त्याचीच सही दाखवली. बेबाबाई मात्र बाहेर पायरीवर बसून नवऱ्याला म्हणाली, "जाऊ द्या. जित्ता तं हाये. तिकडचा पत्ता त्याले सापडनार नही." लेकरांवर डोळा ठेवणाऱ्यापासून पोर लांब गेलं, ह्या एका विचारावर तिने पुढची चोवीस वर्षं काढली. गिरधरला एवढं जमलं नाही. तो पुन्हा कधी धुळ्याला गेला नाही, आणि पन्नाशीच्या आतच संपला.

आणि गेल्या मार्गशीर्षात तो मुलगा दारात येऊन उभा राहिला.

त्याचं नाव आता रूबेन होतं. सोबत नूतन होती, जळगावच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारी. जळगावातल्याच मेहरूण भागात तिच्या घराच्या वरची खोली त्याने महिनाभर भाड्याने घेतली होती, आणि धुळ्याहून मिळवलेली ती जुनी फाईल तिनेच त्याला वाचून दाखवली होती. फाईलमध्ये धागा एकच, गिरधर, राहणार पहूर. तो धरून दोघं आली होती. ओट्यासमोर तो उभा राहिला आणि चिंधा आबांच्या हातातली तंबाखू सांडली. गिरधरचं नाक. गिरधरचा काळा वर्ण. चालताना डावा खांदा जरासा खाली सोडायची गिरधरचीच लकब. बेबाबाई त्यांना बसा म्हणाली, आत गेली, भिंतीवरचा नवऱ्याचा फोटो काढून धान्याच्या कोठीत लपवला आणि मग चहाचं आधण ठेवलं.

गल्लीत कोणाला काही सांगावं लागलं नाही. बायका ताक घेऊन आल्या, म्हातारे काठी टेकत आले, सगळ्यांनी त्याला डोळे भरून पाहिलं, आणि सगळ्यांनी नूतनला ठासून सांगितलं की या मुलाचा आणि बेबाअक्काचा काहीएक संबंध नाही. इतक्या एकदिलाने ती गल्ली आजवर कधी खोटं बोलली नव्हती. आपण एका पोराचा जीव राखतो आहोत, अशी प्रत्येकाची खात्री होती.

नूतनने त्याची हकिकत सांगितली. सपाट, वाऱ्याच्या मुलखात, गाईंच्या गोठ्यात तो वाढला. एकोणिसाव्या वर्षी सैन्यात भरती झाला. अफगाणिस्तानात गेला. एके सकाळी गाडीत बसताना त्याने एका मित्राशी जागा बदलली, पुढच्या गाडीतली आपली जागा त्याला दिली आणि स्वतः मागच्या गाडीत बसला. रस्त्यात सुरुंग फुटला. पुढच्या गाडीतले दोघं जागच्या जागी गेले, त्यात तो मित्र होता. रूबेनच्या अंगाला ओरखडाही आला नाही. पुढे तिकडचं काम संपलं, पलटण घरी परतली, पण याची झोप काही परत आली नाही. नोकरी सोडली, मन कशात लागेना. लहानपणापासून त्याला एवढंच ठाऊक होतं की कोणीतरी आपल्याला कचऱ्यात टाकलं होतं. ते कोण, हे एकदा पाहावं म्हणून तो आला होता.

नूतन हे खालच्या आवाजात, जपून सांगत होती. बेबाबाईची मात्र छाती भरून आली होती. ओरखडाही नाही! तिकडच्या डोंगरात, सुरुंगाच्या तोंडातून, शेजारची दोन पोरं गेली आणि हा उभा राहिला. उपाय लागू पडला होता. तिने जीभ आवरली होती म्हणून तो आज समोर बसून चहा पीत होता.

आठ दिवस तो रोज एसटीने आला. भाषा नव्हती, पण काम होतं. तिच्यासोबत तो कापूस वेचायला गेला, बोटं ओरबाडून घेतली. तिने चुलीत वांगी भाजून भरीत केलं, ते त्याने भाकरीशी तीन दिवस सलग मागून खाल्लं. पाचव्या दिवशी भरदुपारी रस्त्यावरून वरात गेली आणि कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. रूबेन ओट्यावरून खाली पडला, कान दाबून भिंतीला चिकटला आणि लटलटा कापू लागला. गल्ली थबकली. बेबाबाई त्याच्याजवळ मातीत जाऊन बसली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. कापरं थांबल्यावर तिने त्याच्या डोक्याला तेल लावलं, ओट्यावर गोधडी टाकली. तो झोपला. चार तास झोपला. ती माशा वारत बसली. गल्लीत ट्रॅक्टर शिरत होता तर चिंधा आबा आडवे उभे राहिले आणि त्यांनी तो तसाच मागे घ्यायला लावला. आबांनी त्या ड्रायव्हरला ज्या शिव्या दिल्या त्याही कुजबुजत दिल्या.

आठव्या दिवशी नूतन पुन्हा सोबत आली. दुसऱ्या दिवशी त्याला परत जायचं होतं. ओटा माणसांनी भरला.

"काकू," नूतन म्हणाली, "त्याला एकच गोष्ट विचारायची आहे. खरं सांगा, त्याला राग येणार नाही म्हणतो. तुम्ही त्याची आई आहात का?"

बेबाबाईने त्याच्याकडे पाहिलं. तो गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेतल्या पोरासारखा ताठ बसला होता.

"त्याचं लगीन झालं का?" तिने विचारलं.

नूतनला प्रश्न विचित्र वाटला, तरी तिने तो विचारला. "नाही झालं. एक मुलगी होती. तो लढाईवरून आल्यावर ती सोडून गेली."

"ठरलं कुठी?"

"नाही काकू."

एका शब्दाचा तर प्रश्न होता. तो शब्द तिच्या तोंडात आला होता, चोवीस वर्षं तोच तिथे होता. पण त्याच शब्दापायी तीन गेली होती. पाच महिन्यांचं ते पोर, हसता हसता पालथं पडणारं, त्याला ती दिवसातून शंभरदा माझा म्हणायची. आता या शेवटच्याला कोणाच्या तोंडी द्यायचं, केवळ आपल्याला एकदा म्हणायचंय म्हणून? तिने ओट्याचा खांब धरला.

"त्याले सांग, माहा नही तो. उकिरड्यावरचा हाये. आन सांग, लवकर लगीन कर. हळद लागू दे. मंग ये. मी वाट पाहीन म्हना."

नूतनने पहिलं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. दुसरं तिला म्हाताऱ्या माणसाचा आशीर्वाद वाटला, तो तिने थोडक्यात सांगितला. रूबेनने मान डोलावली. वाकून तिच्या पायांना हात लावला, नूतनने शिकवला होता तसा. बेबाबाईने त्याच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली, पिशवीत उडदाचे पापड आणि शेंगदाणे भरून दिले, आणि एसटी वळेपर्यंत रस्त्यावर उभी राहिली. त्या दिवशी ती पोटभर जेवली. आपण लेकाला वाचवलं, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं.

तर आता, जितेंद्रने निरोप दिल्याच्या दुसऱ्या दुपारी, ती ठेवणीतलं पातळ नेसून, पाट मांडून, हळदीकुंकवाची कोयरी जवळ घेऊन तयार बसली होती. गाडी आली. नूतनमागोमाग एक उंच, पिकल्या केसांची बाई उतरली. उन्हाने तिचा चेहरा लालभडक झाला होता. तिचं नाव हानेके. बेबाबाईने तिला हाताला धरून आत नेलं, पाटावर बसवलं, हातावर साखर ठेवली. नूतन काहीतरी बोलू पाहत होती, पण बेबाबाई तिला बोलू देईल तर ना.

"आधी पानी प्या. ऊन किती हाये."

हानेकेने पिशवीतून एक जाड, पांढरं कार्ड काढलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं. त्यावर रूबेनचा फोटो होता, लष्करी पोशाखातला, हसरा. बेबाबाईने कार्ड घेतलं आणि कोणाला काही कळायच्या आत कोयरीत बोट बुडवून चारी कोपऱ्यांना हळद लावली. फोटोखाली कुंकू लावलं. कार्ड कपाळाला टेकवलं.

"पोरगी कुठली व?" तिने हसत विचारलं. "सून गोरी असंन ना?"

नूतनने तोंडावर हात दाबला.

"काकू," ती शेवटी म्हणाली, "ही लग्नाची पत्रिका नाही. त्यांच्याकडे माणूस गेला की असं कार्ड छापतात."

बेबाबाईने कार्डावरच्या फोटोकडे पाहिलं.

"रूबेन गेला, काकू. फाल्गुनात. मला फोनवर सांगवेना म्हणून मी..."

"कसा?"

"स्वतःच गेला. स्वतःच्या हाताने."

बेबाबाईने पदर घेतला आणि कार्डावरची हळद पुसायला लागली. ती पुसली जाईना, आणखीच पसरली, सगळं कार्ड पिवळं झालं, तरी ती पुसतच राहिली. शेवटी हानेकेने तिचे हात धरले.

हानेके बोलायला लागली तेव्हा ती नूतनकडे नाही, बेबाबाईकडेच बघून बोलत होती. नूतन मागून सांगत होती. डॉक्टर म्हणतात, तो लढाईतून आजार घेऊन आला होता, दोष कोणाचाच नाही. मी दोष द्यायला आले नाही. मी तुम्हाला बघायला आले. इथून परत आल्यावर तो माझ्यापाशी बसून खूप बोलला होता. म्हणाला, तिथे एक बाई आहे, तिच्या ओट्यावर मला झोप लागली. मी तिला विचारलं, तर ती नाही म्हणाली. मी तिचं ऐकलं, आई. अशी बाई मूल टाकणार नाही. टाकणारी दुसरीच कोणीतरी असणार. पण ही असती तर किती बरं झालं असतं.

हानेके म्हणाली, त्याला झोपवलंत, त्याचे आभार मानायला मी आले.

बेबाबाई उठली. कोठीचं झाकण काढून आतून गिरधरचा फोटो काढला, पदराने पुसला आणि जमिनीवर त्या कार्डाशेजारी ठेवला. हानेकेने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. ते नाक, तो खांदा. तिला कोणी काही सांगायची गरज राहिली नाही, तरी बेबाबाईने सगळं सांगितलं. तीन लेकरं, उकिरडा, सूप, ज्वारी, धुळ्याचा बाबू, हळद. अर्ध्यावरच नूतन सांगायची थांबली आणि तिचाच बांध फुटला.

"काकू, हे मला तेव्हा का नाही सांगितलंत? मी त्याला समजावलं असतं हो. गुपचूप सांगितलं असतं."

"तुले सांगितलं असतं तं तू त्याले सांगितलं असतं. मंग मी म्हटल्यासारखंच झालं असतं ना व."

नूतनने डोळे पुसले आणि राहिलेलं हानेकेला सांगितलं. मग हानेके अगदी हळू, जणू स्वतःशीच, काहीतरी म्हणाली.

"काय म्हनते?" बेबाबाईने विचारलं.

"त्या म्हणतात, मी तर रोज म्हणायचे. शाळेत सोडताना, रागावताना. लढाईवर निघाला तेव्हा विमानतळावर सगळ्यांसमोर. माझा, माझा म्हणून."

"रोज?"

"रोज."

बेबाबाई खाली बसली. रोज म्हणत होती ही बाई. सुरुंग फुटला त्या सकाळीसुद्धा कुठेतरी लांब स्वयंपाकघरात बसून हिने त्याला माझा म्हटलं असणार, आणि त्याला ओरखडाही आला नव्हता. मग कोणापासून राखलं आपण त्याला? चोवीस वर्षं, आणि वर ते आठ दिवस, कोणापासून? नूतन आणि हानेके बोलत होत्या, तिला ऐकू येत नव्हतं. एवढंच तिला स्वच्छ कळलं की तो शब्द फुकट होता, कधीही देता आला असता, आणि तो मागायला पोरगं सात समुद्र ओलांडून तिच्या ओट्यावर येऊन बसलं होतं.

ती उठली. माळ्यावरची सतरंजी काढली आणि बाहेर ओट्यावर अंथरली. घरात कोणी गेलं की बाया अशी सतरंजी टाकून दारात बसतात आणि गाव त्यांच्या दारावर येतं. परक्याच्या मुलासाठी असं बसता येत नाही. भर उन्हात ती मधोमध बसली आणि अंगावरच्या ठेवणीतल्या पातळानिशी मोठ्याने रडू लागली.

गल्लीत नव्यानेच नांदायला आलेली एक सून डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन चालली होती. ती घाबरून थांबली.

"कोन गेलं व अक्का?"

"माहा पोऱ्या गेला," बेबाबाई म्हणाली. मग तिने मान वर केली आणि समोरची, पलीकडची, सगळी दारं ऐकतील अशा आवाजात म्हणाली, "माहा. माहा पोऱ्या व्हता तो. माहा उखर्डू."

चिंधा आबांनी डोक्यावरची टोपी काढली. सुलक्षणा दुकान उघडं टाकून धावत आली आणि तिने बेबाबाईला मिठी मारली. हानेके दारात उभी होती. तिला कोणी काही सांगितलं नाही, पण ती आली आणि सतरंजीवर बेबाबाईच्या शेजारी मांडी घालून बसली, आणि बायकांनी तिच्याही गळ्यात पडून रडायला सुरुवात केली. नूतन एका कडेला बसली. कोणी नवं आलं की रीतीप्रमाणे विचारत होतं, कोण गेलं, केवढा होता, कसा गेला. बेबाबाई प्रत्येकीला पहिल्यापासून सांगत होती. त्याने इचारलं आन मी नही म्हटली, हेही ती दरवेळी सांगत होती, एकदाही गाळत नव्हती. "तुह्या मनात तसं नव्हतं व माय," बायका म्हणत. ती मान हलवायची आणि पुन्हा म्हणायची, माहा व्हता तो.

दिवस कलेपर्यंत ती हेच म्हणत होती आणि कोणी तिला अडवलं नाही. ज्याने ऐकायला हवं होतं तो सोडून सगळ्या गावाने ते त्या दिवशी ऐकलं.